सायकी लघुग्रह खरोखर लोखंडाचा आहे का?

परतूरच्या एका भंगार व्यापाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘माझा मुलगा दहावीत आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात सायकी नावाचा संपूर्ण लोखंडाचा लघुग्रह आहे, त्याची किंमत साऱ्या जगाच्या उलाढालीच्या लाखपट आहे आणि ते लोखंड आणण्यासाठी अमेरिकेचे यान निघाले आहे, असे त्याने मोबाइलवर पाहिले. यातले खरे किती? आणि तिथे कोणी गेलेलेच नसताना तो लोखंडाचा आहे हे कळले तरी कसे?’

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत धातुपरीक्षणाचे काम मी एकोणतीस वर्षे करत आलो आहे आणि जवळपास तितकीच वर्षे रात्री दुर्बीण घेऊन गावाबाहेर जात आलो आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळच्या आहेत. आधी सरळ उत्तर देतो. सायकी आहे, तो फार मोठा आहे आणि त्याच्यात धातू भरपूर असावा, एवढे खरे आहे. तो संपूर्ण लोखंडाचा आहे, हे आजच्या मोजमापांवरून टिकत नाही. यान निघालेले आहे, पण ते तिथे उतरणार नाही आणि चिमूटभर मातीसुद्धा परत आणणार नाही. राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, न जाता कळले कसे हा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न तोच आहे. म्हणून उत्तराचा मोठा भाग मी त्यालाच देणार आहे.

हा लघुग्रह इटलीतील नेपल्सच्या वेधशाळेतून अ‍ॅनिबाले दे गॅस्पारिस यांनी १७ मार्च १८५२ रोजी शोधला. शोधाच्या क्रमाने तो सोळावा, म्हणून त्याचे नाव ‘१६ सायकी’ असे लिहितात. त्याचा आकार बटाट्यासारखा ओबडधोबड असून सर्वांत लांब बाजू सुमारे २८० किलोमीटर आहे. त्याचे पृष्ठफळ सुमारे १ लाख ६५ हजार चौरस किलोमीटर भरते. आपल्या मराठवाड्याचे सगळे जिल्हे मिळून सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर होतात, म्हणजे अडीच मराठवाडे त्याच्यावर अंथरता येतील. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला सुमारे ५ वर्षे लागतात, पण स्वतःभोवती तो ४ तास १२ मिनिटांतच फिरतो. त्याचे गुरुत्व इतके क्षीण आहे की ५० किलोची सिमेंटची गोणी तिथे स्प्रिंगच्या काट्याला अडकवली, तर काटा ६०० ते ७०० ग्रॅमच दाखवील. तो सूर्यापासून पृथ्वीच्या अडीच ते सव्वातीन पट अंतरावर राहतो, त्यामुळे तो आपल्यावर येऊन आदळेल ही भीती मुलाच्या मनात असेल तर ती काढून टाकावी.

आता धातूकडे वळू. एखादी वस्तू न कापता, न वितळवता ती कशाची आहे हे ओळखायचे असेल तर पहिली कसोटी घनतेची असते, आणि ती तुम्ही मुलाकडून घरीच करून घ्यावी असे मी आग्रहाने सांगतो. एक किलो भरेल एवढा सळईचा तुकडा घ्या आणि शेतातला एक किलो वजनाचा काळा दगड घ्या. दोन्ही एकेक करून दोरीने लटकत्या काट्याला बांधा आणि काट्यावरचे वजन पाहत पाहत बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा. मात्र तुकडा तळाला किंवा बादलीच्या कडेला टेकू देऊ नका. सळईचे वजन पाण्यात सुमारे ८७० ग्रॅम दिसेल आणि काळ्या दगडाचे, म्हणजे आपल्या बेसॉल्टचे, ६५०च्या थोडे वर दिसेल. जेवढे वजन घटले तेवढे पाणी त्या वस्तूने बाजूला सारले, म्हणून एक किलोला त्या घटीने भागले की घनता मिळते: पोलादाची सुमारे ७.८ आणि बेसॉल्टची ३च्या आसपास. सायकीच्या सरासरी द्रव्याचा एक किलोचा गोळा याच काट्याला बांधता आला असता, तर तो पाण्यात सुमारे ७५० ग्रॅम भरला असता. म्हणजेच त्याची घनता ४च्या जवळपास येते. दगडापेक्षा नक्कीच जास्त, पण लोखंडाच्या निम्मीच.

या एका आकड्यावर सगळे प्रकरण फिरते. अर्थात सायकीला बादलीत बुडवता येत नाही. त्याचे वस्तुमान काढण्यासाठी, तो इतर लघुग्रहांच्या जवळून जाताना त्यांच्या मार्गात किती बारीक फरक पडतो हे वर्षानुवर्षे मोजावे लागते, आणि आकारमान काढण्यासाठी मोठ्या दुर्बिणींतून घेतलेली त्याची चित्रे, रडारचे प्रतिध्वनी आणि तो ताऱ्यांसमोरून जाताना पडणाऱ्या सावलीच्या नोंदी एकत्र जुळवाव्या लागतात. या शतकाच्या सुरुवातीच्या अंदाजांत त्याची घनता दोनहून कमीपासून थेट सातच्या घरापर्यंत पसरलेली होती. ज्यांच्या हाती सातचा आकडा आला त्यांनी लोखंडाचा गोळा मानला, आणि ती बातमी इतकी पसरली की पुढे आकडा सुधारला तरी बातमी सुधारली नाही. अलीकडच्या मोजमापांत वस्तुमान सुमारे २.३ गुणिले १० चा १९वा घात किलोग्रॅम येते आणि घनता वेगवेगळ्या पद्धतींनी काढली तरी पुन्हा पुन्हा ४च्या आसपासच उतरते, म्हणून हा आकडा आता भरवशाचा मानतात.

आता तुमच्याच धंद्यातले उदाहरण घ्या. लोखंडाची घनता ७.८ असूनही हलक्या पत्र्याच्या भंगाराने काठोकाठ भरलेला ट्रक वजनकाट्यावर किती कमी भरतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. कारण त्या ढिगात लोखंडापेक्षा हवाच जास्त असते. सायकी शुद्ध धातूचा आहे असा हट्ट धरला, तर त्याच्या पोटातली निम्मी जागा रिकामी आहे असे मानावे लागते. टकरींनी फुटून पुन्हा एकत्र जमलेल्या लहान लघुग्रहांत अशा पोकळ्या असतात हे खरे, पण दोनशे किलोमीटरहून मोठ्या पिंडात इतकी पोकळी टिकून राहील, हे बहुतेक अभ्यासकांना पटत नाही आणि मलाही पटत नाही. उलट, पोकळी मुळीच नाही आणि लोखंड व जड दगड यांचे घट्ट मिश्रण आहे असे मानले, तर धातूचा वाटा आकारमानाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढाच निघतो. सत्य या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. घनतेसोबत इतर पुरावेही ध्यानात घेऊन, २०२० च्या सुमारास मोहिमेतील शास्त्रज्ञांनी आकारमानाच्या ३० ते ६० टक्के धातू असावा असा अंदाज मांडला.

ते इतर पुरावे कोणते, तेही पाहिले पाहिजे, कारण केवळ घनतेवरून धातूचे नाव घेता येत नाही. पहिला रडारचा. पोर्टो रिकोतील अरेसिबोच्या प्रचंड तबकडीतून सायकीवर रेडिओ लहरी सोडल्या तेव्हा, साध्या दगडी लघुग्रहाकडून येतो त्यापेक्षा कितीतरी ठळक प्रतिध्वनी परत आला. धातू रेडिओ लहरी चांगल्या परतवतो, आणि सायकीच्या काही भागांतून तर प्रतिध्वनी आणखी ठळक आला, यावरून वरच्या थरात धातू आहे आणि तो सगळीकडे सारखा पसरलेला नाही, असे दिसते. दुसरा पुरावा उष्णतेचा. थंडीच्या पहाटे अंगणातली सळई आणि शेजारचा दगड हाताला वेगळे का लागतात, तर धातू उष्णता झटकन वाहून नेतो म्हणून. चिलीतील आल्मा या अँटेनांच्या समूहाने सायकीच्या पृष्ठभागाची उष्णता सुमारे ३० किलोमीटरचा एकेक ठिपका पाडत मोजली, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार पृष्ठभागावर किमान ३० टक्के धातू असावा. पण तो चकचकीत पत्र्यासारखा नसून, दगडी चुऱ्यात धातूचे कण मिसळलेले असावेत असा आहे. तिसरा पुरावा वर्णपटाचा, आणि तो गुंता वाढवणारा आहे. परावर्तित प्रकाशात पायरॉक्सीन या दगडी खनिजाची फिकट खूण दिसते, आणि अवरक्त प्रकाशात पाण्याशी संबंध आलेल्या खनिजांचीही खूण मिळाली आहे, जिला जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनीही दुजोरा दिला. ही खूण गंजासारख्या पदार्थाची असू शकते, किंवा बाहेरून आदळलेल्या कार्बनयुक्त लघुग्रहांनी ओलावा असलेली खनिजे तिथे आणून टाकली असतील.

मग एवढा धातू एका जागी आला कसा? इथे भट्टीचे उदाहरण सोडून मला पुढे जाता येत नाही. इंडक्शन भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न वितळून हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा वितळलेला माल, सुमारे १,६०० अंशांवर आली की माती, गंज, वाळू, जे जे म्हणून दगडाच्या जातीचे असेल ते वर येते आणि स्लॅग होऊन तरंगते. जड धातू खाली राहतो. हे वेगळे होणे पुरे झाले नाही तर काय होते, तेही मी पाहिले आहे. एका कारखान्यात घाईत सोडलेल्या हीटच्या बिलेटचा, म्हणजे ओतून थिजवलेल्या पोलादी ठोकळ्याचा, तुकडा तपासायला आला होता. तो कापून घासला, तेव्हा चकचकीत धातूच्या पोटात वाटाण्याएवढा काळपट, काचेसारखा स्लॅगचा खडा रुतून बसलेला होता. नखाने तो निघत नव्हता, आणि त्याच्या कडेने केसासारखी बारीक भेग गेली होती. सौरमालेच्या प्रारंभी, सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, असेच वेगळे होणे कित्येक किलोमीटरच्या पिंडांत घडले. त्या वेळच्या द्रव्यात अ‍ॅल्युमिनियम-२६ हा किरणोत्सारी प्रकार भरपूर होता. तो सुमारे सात लाख वर्षांत निम्मा होतो, आणि त्या ऱ्हासातून निघालेल्या उष्णतेने ते पिंड आतून वितळले. लोखंड आणि निकेल खाली जाऊन गाभा झाला, दगड वर राहून प्रावरण झाले. पृथ्वीच्या पोटातही तेच झाले, पण आपल्या गाभ्यापर्यंत कोणतीही ड्रिलिंग मशीन कधी पोहोचणार नाही. म्हणूनच, अशा एखाद्या आद्य पिंडाचे वरचे दगडी कवच टकरींत उडून गेले आणि गाभा उघडा पडला, तोच सायकी, ही कल्पना शास्त्रज्ञांना इतकी मोहात पाडते.

अशा गाभ्यांचे तुकडे पृथ्वीवर पडलेले आहेत, त्यांना आपण लोह-उल्का म्हणतो. अशा उल्केची हाताच्या तळव्याएवढी चकती एकदा मी आमच्याच पद्धतीने, म्हणजे घासून, पॉलिश करून आणि वर नायटल, म्हणजे नायट्रिक आम्ल व अल्कोहोल यांचे मिश्रण, फिरवून पाहिली. काही क्षणांत पृष्ठभागावर एकमेकांना छेदणाऱ्या सरळ पट्ट्या उमटू लागल्या, जणू कोणी पट्टी धरून आखल्या असाव्यात. निकेल कमी असलेला कामासाइट आणि निकेल जास्त असलेला टेनाइट हे लोखंडाचे दोन प्रकार घन धातूतच हळूहळू वेगळे होत गेले, म्हणजे हे विडमनस्टॅटन जाळे तयार होते. त्यासाठी धातू दर दहा लाख वर्षांना काही अंश ते काही हजार अंश एवढ्या संथ गतीने निवावा लागतो. आपली बिलेट काही तासांत निवते. म्हणून असे जाळे जगातल्या कोणत्याही कारखान्यात होऊ शकत नाही, आणि ती चकती हातात धरली असताना मला जे वाटले ते शब्दांत उतरवणे कठीण आहे.

पण सायकी हा असाच उघडा गाभा आहे, हे सिद्ध झालेले नाही, आणि गेल्या काही वर्षांत उघड्या गाभ्याविषयीची खात्री वाढण्याऐवजी कमी झाली आहे. दुसरी शक्यता अशी की तो कधी पूर्ण वितळलाच नाही. सूर्याच्या अधिक जवळ, जिथे धातूचे प्रमाण मुळातच जास्त होते, अशा द्रव्यापासून तो बनला आणि नंतर आजच्या जागी ढकलला गेला. तिसरी अशी की आत लोखंड आहे आणि वर दगडाचे कवच बऱ्यापैकी शिल्लक आहे, मात्र थिजत चाललेल्या गाभ्यातले वितळलेले लोखंड भेगांतून वर उसळून पृष्ठभागावर पसरले. ही लोहज्वालामुखीची कल्पना २०१९-२० मध्ये मांडली गेली, आणि ती ऐकून आपल्या पायाखालचे बेसॉल्टचे थर आठवल्याशिवाय राहत नाहीत. तेही लाव्हाचेच, फक्त दगडाच्या लाव्हाचे. माझा स्वतःचा कल दगड-धातूच्या मिश्रणाकडे आहे, कारण घनतेचा आकडा मला सर्वांत वजनदार साक्षीदार वाटतो. मात्र मिश्रण कसे झाले, हे आकडा सांगत नाही.

ते सांगण्यासाठीच यान गेले आहे. नासाने ही मोहीम जानेवारी २०१७ मध्ये निवडली, आणि सॉफ्टवेअरची तपासणी वेळेत पुरी न झाल्यामुळे २०२२ चा मुहूर्त हुकून १३ ऑक्टोबर २०२३ रोजी फाल्कन हेवी रॉकेटने फ्लोरिडातून ते उडाले. प्रवासात झेनॉन वायूचे विद्युतभारित कण मागे फेकून ते पुढे जाते. त्या इंजिनाचा जोर, तळहातावर २५ ग्रॅमचे माप ठेवल्यावर जेवढा भार जाणवतो तेवढाच असतो, पण तो महिनोन्‌महिने चालू राहतो. एप्रिल २०२५ मध्ये झेनॉनच्या नळीतला दाब घटल्यामुळे इंजिने थांबवावी लागली होती. राखीव नळीवर वळवून ती पुन्हा सुरू करण्यात आली. मार्गात मंगळाच्या गुरुत्वाचा आधार घ्यायचा आणि ऑगस्ट २०२९ मध्ये सायकीपाशी पोहोचायचे, असा आराखडा आहे. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ ते त्याच्याभोवती फिरत राहील.

यानावरची उपकरणे आमच्या प्रयोगशाळेतल्या माणसाला चटकन कळण्यासारखी आहेत. आम्ही हीटमधून सँपल काढतो, त्यावर ठिणगी पाडतो आणि निघालेल्या प्रकाशावरून स्पेक्ट्रोमीटर कार्बन, मँगनीज, गंधक यांचे आकडे सांगतो. सायकीवर ठिणगीचे काम अवकाशातून येणारे विश्वकिरण करतात: ते पृष्ठभागावर आदळले की प्रत्येक मूलद्रव्यातून ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण निघतात, आणि यान ते वरूनच मोजते. इथे मी निकेलच्या आकड्याची वाट पाहीन. लोह-उल्कांत निकेल सहसा पाच टक्क्यांहून जास्त असते. तेवढे मिळाले तर गाभ्याच्या कल्पनेला बळ येईल, फारच कमी निघाले तर न वितळलेल्या द्रव्याचा पक्ष वर येईल. कॅमेरे वेगवेगळ्या रंगांत पृष्ठभाग टिपतील, आणि यानाच्या रेडिओ संदेशांतल्या सूक्ष्म बदलांवरून गुरुत्व कुठे कमी, कुठे जास्त हे कळेल. परंतु निर्णायक ठरेल असे मला वाटते ते मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरण. एके काळी वितळलेल्या गाभ्यात पृथ्वीसारखे चुंबकीय क्षेत्र निर्माण झाले असेल आणि धातू थिजताना त्याची खूण आत बंद झाली असेल, तर ती आजही सापडेल. आणि ती सापडली तर सायकी कधीकाळी वितळला होता, याबद्दल फारसा वाद उरणार नाही.

किमतीविषयी थोडक्यातच सांगतो. दहा हजार क्वाड्रिलियन डॉलर, म्हणजे एकावर एकोणीस शून्ये, हा आकडा मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ लिंडी एल्किन्स-टँटन यांनी मुलाखतीत केवळ कल्पना म्हणून सांगितला होता, आणि असे लोखंड आणणे शक्य नाही व आणले तर बाजार कोसळेल, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. त्याच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग लोखंड धरला, तरी जग आज वर्षाला जेवढे पोलाद बनवते त्या गतीने ते सुमारे चाळीस लाख वर्षे पुरेल. इतका माल दारात आला तर भाव राहील कसा? आणि दारात आणायचा कसा? आपल्याकडे भंगाराचा सौदा कारखान्याच्या गेटवर पोहोच भावाने होतो, भाडे जास्त असेल तर चांगला मालही कोणी उचलत नाही. ‘ओसायरिस-रेक्स’ या यानाने २०२३ मध्ये बेन्नू लघुग्रहावरून जी माती आणली ती सुमारे १२१ ग्रॅम होती, आणि त्या मोहिमेचा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला होता.

मुलाला सायकी प्रत्यक्ष पाहायचा असेल तर तेही अवघड नाही. सुमारे सव्वा वर्षाने एकदा तो पृथ्वीच्या दृष्टीने सूर्याच्या नेमका विरुद्ध बाजूला, आपल्यासमोर येतो, आणि चांगल्या वेळी सहा इंची दुर्बिणीतून सहज सापडतो. एका डिसेंबरात तो वृषभ राशीत असताना अंबडच्या पुढे ज्वारीच्या शेताच्या बांधावर मी दुर्बीण लावली होती. त्या रात्री दिसलेले सगळे ठिपके वहीत काढून ठेवले, दुसऱ्या रात्री पुन्हा काढले, आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवल्यावर एकच ठिपका सरकलेला होता. बाकी ताऱ्यांत आणि त्याच्यात दिसण्यात काहीही फरक नव्हता. पुढच्या वेळी तो समोर येईल तेव्हा मुलाला घेऊन जालन्याला या. दुर्बीण तयार ठेवीन. त्याआधी बादलीचा प्रयोग करून सळईचे, दगडाचे आणि जमले तर तुमच्या दुकानातल्या पितळेचे व अ‍ॅल्युमिनियमचे आकडे त्याच्या हाताने लिहून पाठवा, मी ते तपासून कळवीन.